खळे कोणाचे?

2009 सालच्या एप्रिल महिन्यात ‘चंद्रा’ या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीने टिपलेले एक चित्र प्रसिद्ध झाले आणि थोड्याच दिवसांत ते जगभर पसरले. (सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावावरून या दुर्बिणीचे नाव ठेवले आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) काळ्याभोर अवकाशात निळसर तेजाचा एक प्रचंड पंजा, मनगट, तळवा, अंगठा, वर उचललेली बोटे, आणि बोटांच्या टोकांशी तांबूस प्रकाशाचा मेघ. वृत्तपत्रांनी त्याचे ‘देवाचा हात’ असे नामकरण केले. श्रद्धावंतांच्या घरांत ते पोहोचायला वेळ लागला नाही. अखेर विज्ञानालाही देव दिसलाच, अशा भावनेने ते एकाने दुसऱ्याला दाखविले.

त्या चित्रात मनगटाजवळ एक झळाळता ठिपका आहे. तो एक पल्सार, म्हणजे स्पंदन पावणारा तारा. एखादा अवाढव्य तारा स्फोट होऊन संपतो तेव्हा मागे उरणारा हा गाभा. वस्तुमान सूर्याहून अधिक, पण व्यास जेमतेम 20 किलोमीटर, वसईहून बोरिवलीपर्यंत पोहोचेल न पोहोचेल एवढा. तो सेकंदाला सुमारे 7 वेळा स्वतःभोवती फिरतो आणि आपल्यापासून सुमारे 17,000 प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्यापासून विद्युतभारित कणांचा एक वारा अखंड वाहत असतो. चुंबकीय क्षेत्रात सापडून तो वारा क्ष-किरणांनी उजळतो, आणि ते उजळणे सुमारे 150 प्रकाशवर्षे पसरले आहे. त्यात बोटे आणि तळवा पाहतो तो आपला डोळा. चित्रातले रंगही मागाहून दिलेले आहेत, कारण क्ष-किरण माणसाला दिसत नाहीत.

हे सांगितल्याने कोणाच्या श्रद्धेला धक्का लागावा असे आम्हाला वाटत नाही. उलट, विज्ञानाचे चित्र उचलून श्रद्धेच्या चौकटीत घाईने बसविण्याची सवय श्रद्धेलाच फारशी मानवत नाही. 1951 साली पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाविषयीच्या नव्या सिद्धांतात सृष्टिनिर्मितीची साक्ष पाहिली. तो सिद्धांत ज्यांनी प्रथम मांडला ते बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू होते, आणि त्यांनाच ते रुचले नाही. आपला सिद्धांत आज आहे, उद्या बदलेल. परमेश्वर त्याच्या खांबावर उभा करू नये, अशी त्यांची भूमिका होती. आम्हाला त्यात पुष्कळ नम्रता दिसते.

तेव्हा तो हात बाजूला ठेवू. पल्सारांच्या सभोवती दिसणाऱ्या तेजाविषयी याहून खोल असा एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या धर्मजीवनाशी नुसत्या आकाराच्या साम्याहून अधिक जवळचा आहे. एखाद्या वस्तूभोवती जे तेज दिसते ते तिचे स्वतःचे असते काय?

पावसाळ्याच्या तोंडावर चंद्राला खळे पडते. घरातली वडीलधारी माणसे ते पाहून पावसाचा अंदाज बांधतात. ते वर्तुळ चंद्राभोवती दिसते खरे, पण चंद्रापाशी ते नसते. ते असते आपल्या डोक्यावरच्या काही किलोमीटरांत, उंचावरच्या ढगांतील हिमकणांत. ढग ओसरला की खळे जाते, चंद्र जसाच्या तसा राहतो. आकाशातील क्ष-किरणांनाही असेच खळे पडते. त्याची रीत वेगळी. धुक्यात रस्त्यावरच्या दिव्याभोवती जो अंधूक गोल दिसतो त्याच्याशी तिचे अधिक नाते आहे. तेथे धुक्याचे काम धूळ करते.

ताऱ्यांमधल्या पोकळीत धूळ आहे ही गोष्ट 1930 साली रॉबर्ट ट्रंपलर यांनी सिद्ध केली. दूरचे तारकापुंज जितके तेजस्वी दिसायला हवे होते त्याहून मंद दिसत होते. वाटेत काहीतरी प्रकाश अडवीत होते. त्यानंतर खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी धूळ म्हणजे अडचण झाली, झाडून टाकता आली तर बरे अशी. हे कण असतात तरी केवढे? मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. वाळूच्या जातीचे काही, काजळीच्या जातीचे काही. म्हाताऱ्या ताऱ्यांनी आणि स्फोट पावलेल्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या द्रव्यातून बनलेले. राखेच्या बुधवारी धर्मगुरू कपाळावर भस्म लावताना ज्या मातीची आठवण देतात, तिचे हे दूरचे कूळ म्हणायला हरकत नाही. पृथ्वी अशाच धुळीतून आकाराला आली.

1965 साली असा विचार पुढे आला की हे कण क्ष-किरणांना नुसते अडवीत नसावेत, किंचित वळवीतही असावेत. अगदी किंचित, अंशाचाही लहानसा भाग. जो किरण आपल्या बाजूने निसटून जाणार होता, तो वाटेतल्या कणाला लागून आपल्याकडे वळतो. मात्र तो ताऱ्याच्या जागेवरून आल्यासारखा दिसत नाही, ताऱ्याच्या थोडा बाजूने आल्यासारखा दिसतो. असे असंख्य किरण मिळून ताऱ्याभोवती मंद वलय उमटते. 1983 साली ‘आइन्स्टाइन’ नावाच्या अवकाशातील वेधशाळेच्या निरीक्षणांतून ते प्रत्यक्ष दाखविले गेले.

या गोष्टीचा आणखी एक भाग आहे आणि आम्हाला तो सर्वांत मोलाचा वाटतो. वळून आलेल्या किरणाची वाट सरळ किरणाच्या वाटेपेक्षा लांब असते, म्हणून तो उशिरा पोहोचतो. तारा एकसारखा तळपत असेल तर हा उशीर लक्षात येत नाही. पण तारा एकदाच भडकून मंदावला तर? तर भडक्याचा सरळ प्रकाश आधी येऊन जातो, आणि त्याचा आडवाटेने आलेला प्रकाश मागाहून, वर्तुळाच्या रूपाने, दिवसेंदिवस पसरत राहतो. वाटेत धुळीचे जितके ढग, तितकी वर्तुळे.

22 जानेवारी 2009 रोजी दक्षिण आकाशात नॉर्मा या तारकासमूहातील एक मॅग्नेटार भडकला. मॅग्नेटार म्हणजे विलक्षण चुंबकीय क्षेत्र असलेला पल्सार. हा दर दोन सेकंदांनी एकदा फिरतो. पुढच्या दिवसांत त्याच्याभोवती तीन वर्तुळे दिसली आणि ती वाढत गेली. 2013 सालच्या अखेरीस सर्सिनस तारकासमूहातील एका न्यूट्रॉन ताऱ्याने असाच मोठा भडका घेतला, त्याची चार वर्तुळे झाली. हा किरणांचा उशीर एक ते तीन महिन्यांचा होता. तीस हजार वर्षांच्या वाटचालीत तीन महिने म्हणजे काहीच नाही. पण तेवढ्याने एक मोठे काम झाले. त्या ताऱ्याचे अंतर कित्येक वर्षे वादात होते. सरळ आलेला प्रकाश किती दुरून आला हे स्वतः सांगू शकत नव्हता. ऑस्ट्रेलियातील एका रेडिओ दुर्बिणीने वाटेतल्या वायूचे नकाशे दिले होते, वर्तुळांचे आकार आणि उशीर मोजलेले होते. त्या सर्वांचा मेळ घालून अंतर निघाले, सुमारे 30,700 प्रकाशवर्षे. धूळ वाटेत नसती तर ते त्या रीतीने कधीच कळले नसते. जी गोष्ट अनेक वर्षे अडचण म्हणून गणली गेली, तीच येथे साक्षीदार झाली.

धूळ किरणाला दिशा देते, तेज देत नाही. खळ्यातले सगळे तेज ताऱ्याचे, आणि तरीही खळे ताऱ्यापाशी नसते. मग ‘देवाचा हात’ म्हणविणाऱ्या त्या निळ्या पसाऱ्याचे काय? ते तेज धुळीचे खळे नव्हे, ताऱ्याच्या स्वतःच्या वाऱ्याचे आहे. म्हणजे दूरदर्शीतून जवळजवळ सारखेच दिसणारे दोन प्रकारचे तेज असते: एक वाटेवरच्या धुळीने घडविलेले, एक ताऱ्याने स्वतः आपल्याभोवती उभारलेले. ते वेगळे कसे करायचे?

2011 सालच्या ऑगस्टमध्ये एक नवा मॅग्नेटार सापडला, तोही असाच भडकल्यामुळे. त्याच्याभोवती मंद तेज होते. अभ्यासकांत मतभेद झाला. जवळचा गोलाकार भाग धुळीचा, याविषयी फारसा वाद नव्हता. पण त्याच्याबाहेर पसरलेला वेडावाकडा भाग? काहींच्या मते तोही धुळीचाच, पूर्वीच्या एखाद्या भडक्याचा मागे रेंगाळलेला प्रकाश. काहींच्या मते तो ताऱ्याचा स्वतःचा वारा. तोपर्यंत कोणत्याही मॅग्नेटारभोवती असा वारा आढळला नव्हता, म्हणून दुसरे मत मानायला लोक कचरत होते. वाद युक्तिवादाने मिटला नाही. वाट पाहिल्याने मिटला. तारा मंदावू दिला. खळे उसने असेल तर तारा मंदावल्यावर, थोड्या उशिराने का होईना, तेही मंदावले पाहिजे. 2014 साली पुन्हा पाहिले तेव्हा तारा पुष्कळ मंदावला होता. बाहेरचे तेज मात्र होते तसेच होते. 2016 साली निष्कर्ष जाहीर झाला की ते ताऱ्याचे स्वतःचे आहे.

आता आपल्या देवमंदिरातील चित्रांकडे पाहावे. संतांच्या मस्तकामागचे तेजोवलय ही मुळात ख्रिस्ती कल्पना नव्हे. ग्रीक-रोमन लोक सूर्यदेवाला ते काढीत. चौथ्या शतकाच्या सुमारास ते प्रभू येशूच्या चित्रांत आले आणि पुढे संतांकडे गेले. पण त्यात आपल्या पूर्वजांनी एक भेद केला होता, जो आज बहुतेक विसरला गेला आहे. रोममधील सांता प्रासेदे या चर्चमध्ये नवव्या शतकातले रंगीत खड्यांचे भित्तिचित्र आहे. ते चर्च बांधणारे पोप पहिले पास्काल त्यात संतांच्या रांगेत, हाती चर्चची प्रतिकृती घेऊन उभे आहेत. इतरांची वलये गोल आहेत, पास्काल यांचे चौकोनी. चौकोनी वलय म्हणजे हा माणूस अजून जिवंत आहे. पोप झाला तरी काय, गोल वलय मागाहून.

तीच सावधगिरी पुढे ख्रिस्तसभेने कायद्यात आणली. अठराव्या शतकात प्रोस्पेरो लांबेर्तिनी यांनी, जे पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले, संतपदाच्या चौकशीवर विस्तृत ग्रंथ लिहिला. त्याआधी अनेक वर्षे त्यांचे कामच मुळी उमेदवाराविरुद्ध आक्षेप काढण्याचे होते, लोक ज्याला सैतानाचा वकील म्हणत. चमत्कार मानण्यापूर्वी नैसर्गिक कारण नाही ना, हे तपासलेच पाहिजे असा त्यांचा कटाक्ष होता. 1983 पासूनच्या नियमांप्रमाणे मृत्यूनंतर किमान पाच वर्षे गेल्याशिवाय प्रकरण उघडत नाही. परमगुरू ही अट शिथिल करू शकतात, मदर तेरेसांच्या बाबतीत ती केलीही गेली. परंतु नियम तो नियम. तारा मंदावू द्यावा, मग काय उरते ते पाहावे.

आम्ही आपल्या धर्मग्रामांत याच्या उलट चालताना पाहतो. एखादा प्रवचनकार येतो, प्रार्थनासभेला मांडव अपुरा पडतो, कोणाचे दुखणे हलके होते, आणि महिन्याभरात त्या माणसाला गोल वलय मिळून जाते. त्या गर्दीत आपण स्वतः किती आहोत, आपली व्याकुळता, आपल्या आयांच्या रोज संध्याकाळच्या जपमाळा, आपले वर्षानुवर्षांचे दुःख, याचा हिशेब कोणी करीत नाही. धुळीचा प्रत्येक कण थोडा प्रकाश वळवून देतो आणि शेवटी श्रेय मध्यबिंदूला जाते. आता धूळ तेज देत नाही, असे आम्हीच वर म्हटले. मग या सभांतले तेज कोणाचे? परमेश्वराचे, असे उत्तर सर्वजण देतील आणि ते खरेच आहे. पण मग त्या माणसाला मध्यबिंदूवर बसविले कोणी? तोही वाटेवरचा एक कणच असेल, इतरांहून किंचित मोठा.

आकाशात अशी गल्लत झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. पुढच्या निरीक्षणात ती दुरुस्त होते. माणसांत तसे नसते. फ्रान्समध्ये 1964 साली जाँ व्हानिए यांनी मतिमंद माणसांसोबत एकत्र राहणाऱ्यांची ‘लार्श’ ही संस्था सुरू केली. ती जगभर पसरली. आपल्या देशात बंगळूरला 1970 सालापासून ‘आशा निकेतन’ या नावाने तिचे घर आहे. व्हानिए यांना जिवंतपणीच लोक संत म्हणत. 2019 साली ते वारले. 2020 सालच्या फेब्रुवारीत संस्थेने स्वतः करविलेल्या चौकशीचा निष्कर्ष आला की त्यांनी सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते, तेही आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून. 2023 सालच्या अधिक विस्तृत अहवालात ही संख्या किमान 25 झाली. यातल्या एखादीने आधी तोंड उघडले असते तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवला असता? एवढ्या मोठ्या वलयासमोर एका स्त्रीचा शब्द टिकला नसता. आपण घाईने दिलेल्या वलयाची किंमत अशा वेळी आपण भरीत नाही, दुसरेच कोणी तरी भरते.

आणि तरीही त्या घरांत जे घडले ते खोटे ठरत नाही. ज्या मुलांना आईबापांनी आश्रमाच्या दारी सोडले होते, ती तेथे नावाने ओळखली गेली, त्यांचे वाढदिवस साजरे झाले. ते तेज कोणाचे होते? संस्थापकाचे म्हणवत नाही. तेथे रात्रंदिवस राहणाऱ्यांचे, दुबळ्यांचे, त्यांना भरविणाऱ्यांचे म्हणावे तर आमचा दृष्टांत अपुरा पडतो. दृष्टांतात मध्यभागी एक खरा तारा असतो. येथे मध्यभागी आपण भलत्यालाच बसविले होते. तो अपुरेपणा आम्ही येथे झाकून ठेवू इच्छीत नाही.

काही वाचक यावरून असे म्हणतील की मग सगळीच वलये उसनी, संत वगैरे सारे लोकांच्या भावनेचे खळे. शिकलेल्या तरुणांत हे मत हल्ली वरचेवर ऐकू येते. आम्हाला तेही घाईचे वाटते. 2011 सालच्या त्या मॅग्नेटारबाबत ‘सारे धुळीचेच’ म्हणणाऱ्यांचा कल शास्त्रीय सावधगिरीचा होता, आणि निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. संशय हीही एक परीक्षाच असते, पण ती निकाल नव्हे.

संत गोन्सालो गार्सिया यांचेच पाहा. वसईचा हा मुलगा व्यापार करून मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, मनिलाहून 1593 साली जपानला दुभाषी म्हणून गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मारला गेला. तीस वर्षांनी, 1627 साली, त्यांना धन्यवादित घोषित केले गेले. संतपद मिळायला 1862 साल उजाडले. हौतात्म्यापासून 265 वर्षे. तोपर्यंत वसईच्या किल्ल्यातली चर्चे पडझडीला लागली होती, पोर्तुगीज केव्हाच गेले होते, मराठ्यांची सत्ताही गेली होती. नागासाकीहून रोम आणि रोमहून वसई अशा आडवाटेने हा प्रकाश घरी आला. आज आपण अभिमानाने ‘आमचा संत’ म्हणतो. त्या अभिमानात ताऱ्याचे तेज किती आणि आपल्या मातीचे खळे किती, असा प्रश्न कोणी विचारला तर रागावू नये. वसईत बसून त्याचे उत्तर मिळणार नाही. ते जेथे तारा विझला तेथे शोधले पाहिजे.

जपानमध्ये 1614 साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले. पुढे दोनशेहून अधिक वर्षे तेथे मिस्सा नाही, वेदी नाही, उघड क्रूस नाही. बाहेरून पाहणाऱ्याला सारे विझले होते. एकोणिसाव्या शतकात परदेशी लोकांसाठी म्हणून नागासाकीत ओउरा येथे एक चर्च उभे राहिले आणि ते त्याच सव्वीस हुतात्म्यांना वाहिले गेले. 17 मार्च 1865 रोजी, म्हणजे संतपदाच्या घोषणेनंतर तीन वर्षांनी, उराकामी गावचे काही शेतकरी स्त्री-पुरुष त्या चर्चच्या दाराशी आले. फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांनी दार उघडले आणि ते वेदीपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. त्या मंडळींतली एक स्त्री त्यांच्याजवळ आली आणि हलक्या आवाजात तिने सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग तिने विचारले, मरियामातेची मूर्ती कोठे आहे.